दोर तुटला असेल तर

“तुटला? दोर तुटला? पाळकसाहेब, तुम्ही शिकलेले आहात म्हणून ऐकून घेतो. पण माणूस लटकला, दोर तुटला आणि मग तो खाली पडून फुटला, हे काही माझ्या गळ्याखाली उतरत नाही बघा.”

“गळ्याचं नाव नको काढू बाबा, भानगड तिथूनच सुरू झाली,” न्हावी म्हणाला, आणि चर्चच्या मागच्या खोलीतले बाक हसण्याने करकरले.

गळ्याखाली न उतरणारा हा माणूस म्हणजे गावचा दोरवाला. बुधवारी संध्याकाळी त्या खोलीत वाचनाला मंडळी जमायची, आणि पाळकसाहेबांनी त्या दिवशी अवघड विषय काढला होता. शास्त्रात एकाच गोष्टीच्या दोन हकिगती येतात, त्या एकमेकींना छेद देतात असं लोक म्हणतात, तर त्यांचं करायचं काय?

प्रभूच्या कबरेपाशी देवदूत एक होता की दोन, यावर फार वेळ गेला नाही. न्हाव्यानेच ते मिटवलं. “माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असतात. घरी गेल्यावर बायको विचारते, कोण आलं होतं? जो बडबडला त्याचंच नाव मी सांगतो. म्हणून दुसरा नव्हता असं थोडंच आहे?”

गाडं अडलं ते यहूदापाशी, प्रभूच्या त्या दगाबाज शिष्यापाशी. मत्तय आपल्या शुभवर्तमानात सांगतो, प्रभूला धरून दिल्यावर तो पस्तावला, मिळालेली चांदी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला; त्या चांदीतून मंदिराच्या याजकांनी शेत घेतलं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात मात्र आहे की त्याने त्या पैशात शेत घेतलं, तिथे तो पालथा पडला आणि त्याचं पोट फुटलं. माणूस एक, मरणं दोन. पाळकसाहेबांनी जुन्या जाणत्यांचा तोडगा सांगितला. फास घेतला हेही खरं, पडला हेही खरं. मध्ये काहीतरी तुटलं असणार, दोर म्हणा, फांदी म्हणा. एकाने सुरुवात सांगितली, दुसऱ्याने शेवट.

“आणि शेत? ते तर याजकांनी घेतलं म्हणता.”

“पैसा त्याचा, म्हणून खरेदीही त्याचीच धरली.”

“हे पटलं,” दोरवाला म्हणाला. “आमच्याकडेही तसंच आहे. पैसा माझा, खरेदी हिची, आणि उधळ्या म्हणून नाव माझं. फांदीही चालेल. फांदी तुटली म्हणा, मी आमेन म्हणतो. दोराचं नाव घेऊ नका.”

“काका, मी तिथे नव्हतो,” पाळकसाहेब शांतपणे म्हणाले. ते तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. “दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात एवढंच मी सांगतो. तसंच घडलं असं छातीवर हात ठेवून नाही सांगत.”

“मग नांदवता कशाला?”

“नांदत नाहीत म्हणून लोक पुस्तकच मिटून ठेवतात, म्हणून.”

“तो दोर तुमच्या खापरपणजोबाकडून नेला असेल, काका,” न्हाव्याने काडी टाकली. “तेव्हापासूनच तुमच्या घराण्याचा माल तसा!”

खोली हसली. दोरवाला उठून उभा राहिला. हसणं त्याला सोसायचं, पण दोराला हसलेलं नाही. “आमचा दोर असता ना,” तो म्हणाला, “तर तो तिथेच लटकत राहिला असता. हाडं गळून पडेपर्यंत!”

यावर कुणी हसलं नाही. न्हावीसुद्धा टोपी शोधायला लागला. बोलून गेल्यावर दोरवाल्यालाही ते आपल्या तोंडून कसं आलं कळेना. पण बोललेला शब्द आणि घातलेली गाठ, दोन्ही सोडवायला नखं लागतात, आणि त्याची नखं तागाने केव्हाच खाल्ली होती.

तोंडावर लोक त्याला दोरवाले काका म्हणत, पाठीमागे सुंभराव. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपल्या बापजाद्यांनी याच्याच घराकडे बघून केली, असं न्हाव्याचं मत. एकदा दुखरी दाढ म्हणून याने चांगली दाढ उपटून घेतली. चूक कळली तेव्हा गाल धरून म्हणाला, “ही पुढेमागे दुखणारच होती.” दुखरी तशीच राहिली. असा गडी.

दोर वळणारा माणूस आयुष्यभर उलटा चालतो. कमरेला तागाचा भारा गुंडाळायचा, टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, आणि बायकोने चाक फिरवायला घेतलं की बोटांतून ताग सोडत मागे मागे सरकायचं. शेड लांबलचक. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला भिंत. असे तीन पेड झाले की ते उलट्या पिळाने एकमेकांत वळायचे. पेडाचा पीळ एकीकडे ओढतो, दोराचा दुसरीकडे, आणि त्या भांडणातच दोर एकजीव राहतो. सगळं एकाच अंगाने वळलं तर हात काढल्याबरोबर उलगडून बसतं. पाळकसाहेबांनी एकदा शेडमध्ये हे बघितलं आणि रविवारच्या प्रवचनात वापरलं. शास्त्रातल्या उलटसुलट हकिगतींचंही असंच असेल, म्हणाले. दोरवाला आठवडाभर छाती फुगवून हिंडला.

“मला केलेलं सगळं डोळ्यासमोर दिसतं,” उलट्या चालीचा तो अभिमान सांगे.

“आणि पाठीमागचं मी बघते,” बायको म्हणे, “म्हणून अजून टाळकं शाबूत आहे.”

त्याची एक रीत होती. शेडच्या आढ्याला लोखंडी कडी होती. दोर तयार झाला की तिथे बांधायचा, दोन्ही हातांनी धरायचा, पाय उचलायचे आणि गिऱ्हाइकासमोर लोंबकळायचं. वय झालं, पोट सुटलं, तरी रीत सुटली नाही. लोंबकळल्याशिवाय त्याने हातभर दोरसुद्धा कुणाला दिला नाही. “माझा दोर तुटत नाही,” हे तो खाली उतरता उतरता म्हणायचा, आणि ते खोटं ठरलेलं कुणी बघितलं नव्हतं.

त्या बुधवारी तो घरी आला तेव्हा बायको फणीच्या खिळ्यांवर ताग विंचरत होती. त्याने घडलेलं सांगितलं, पाळकसाहेबांची अक्कल काढली, न्हाव्याचं कूळ काढलं. तिने मान वर केली नाही.

“तुटतो की,” ती म्हणाली.

“काय?”

“दोर. ओला वळला तर तुटतो. आज नाही तुटत. सवडीने तुटतो.”

“आपला नाही तुटत.”

“तो एक गठ्ठा ओला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं.”

दोरवाल्याने पायातली वहाण कोपऱ्यात भिरकावली. याचा अर्थ त्यालाही तो गठ्ठा आठवला होता.

ताग पाण्यात कुजवतात तेव्हाच त्याचे धागे सुटतात. पण बाहेर काढल्यावर तो खडखडीत वाळावा लागतो, नाहीतर जे पाणी धागे सोडवतं तेच पुढे त्यांना खातं. त्या खेपेला आभाळ सारखं भरलेलं होतं आणि दगडाच्या खाणीचा मुकादम दारात येऊन बसत होता. ताग वरून कोरडा होता, पण मुठीत दाबला की गार लागायचा. बायको म्हणाली, गार आहे. हा म्हणाला, गार म्हणजे ओला नव्हे. वळला. वरून गरम राळ आणि तेल चोळलं, दोर काळविटाच्या शिंगासारखा चमकायला लागला, आणि आतली ओल आतच कोंडली गेली. मग रीतीप्रमाणे हा प्रत्येक दोराला लोंबकळला. दोरांनी धरलं. धरणारच. लोंबकळून कळतं ते आजच्या दिवसाचं.

“लांब दोर खाणीत गेला,” बायको बोटांवर मोजत म्हणाली. “मधला चर्चच्या घंटेला. आणि तुकडा उरला होता तो विकला.” मग थोडं थांबून, “खाणीच्या दोरावर आपला जावई उतरतो.”

“गप्प बस.”

“मी गप्प बसले म्हणून ताग वाळणार आहे का?”

“उद्या सकाळी दाखवतो तुला. तुला आणि त्या पाळकालाही. सगळ्यांना दाखवतो.”

सकाळी पाळकसाहेब चर्च उघडून झाडत होते. दोरवाला आला तो चपला काढून थेट घंटेच्या दोराखाली जाऊन उभा राहिला.

“या इकडे. हा दोर कुणाचा?”

“तुमचाच की, काका.”

“बघा मग. तुमच्या त्या यहूदाचा दोर कसला होता मला माहीत नाही. माझा असा आहे.”

त्याने दोन्ही हातांनी दोर वर धरला आणि पाय उचलले.

वर मनोऱ्यात घंटा एकदा वाजली. सकाळच्या त्या वेळेला घंटा वाजायची नसते, आणि एकच टोल तर कुणी गेलं तरच देतात. गल्लीत दारं उघडली. पाळकसाहेब काही बोलणार तोच दोर सुटला. काडकन आवाज नाही, काही नाही. जुनी चादर फाटावी तसं काहीतरी ऐकू आलं आणि दोरवाला फरशीवर बसला होता, मुठीत दोराचं टोक तसंच.

पाळकसाहेब हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं दोरवाला पुढे म्हणायचा. त्यांनी केरसुणी ठेवली, वाकले, तुटलेलं टोक हातात घेतलं. वरून राळेची चकाकी. आत काळा भुगा, चहाच्या चोथ्यासारखा, आणि बंद तळघराचा वास.

“लागलं का, काका?”

दोरवाला त्या भुग्याकडे बघत होता. “पाळकसाहेब, बाहेर लोक विचारतील, सुंभरावाचं काय झालं. तुम्ही काय सांगाल? लटकला सांगाल की पडला?”

“आधी उठा तुम्ही.”

“दोन्ही खरं आहे,” दोरवाला म्हणाला. “दोर तुटू शकतो.” हे शब्द त्याने असे उच्चारले जसे कुणी परक्या भाषेतले वाचावेत. मग तो धडपडत उठला. “खाणीत आता पाळी सुरू झाली असेल.”

चपला तिथेच राहिल्या. साठीतला, सुटल्या पोटाचा, बूड शेकलेला माणूस गावाबाहेरच्या चढावर अनवाणी पळत सुटला, आणि पाळकसाहेब त्याच्यामागे. दुकानाच्या दारातून न्हावी ओरडला, “अहो काका, कोण मेलं? टोल कुणाचा?” पहिल्यांदाच सुंभरावाने त्याला उलट उत्तर दिलं नाही.

खाणीच्या कड्यावर मुकादम पाय पसरून बसला होता. शेजारच्या लोखंडी खुंटाला दोर गुंडाळलेला, आणि कड्यावरून खाली गेलेला. काळा, चकचकीत, ताठ. दर थोड्या वेळाने तो कडेच्या दगडावर इकडून तिकडे घासत होता, म्हणजे खाली माणूस काम करत होता. पहारेचा आवाज येत होता. सुटे झालेले दगड वरून पाडायचे, हे जावयाचं काम.

“टोल ऐकला,” मुकादम म्हणाला. “कोण गेलं?”

“अजून कुणी नाही,” दोरवाला धापा टाकत म्हणाला. “दुसरा दोर आहे?”

“जुना आहे. तुम्हीच टाकून द्या म्हणाला होतात तो.”

“काढ.”

“नवा असताना जुना कशाला?”

“काढ म्हणतो ना!”

जुना दोर राखाडी झाला होता, कुसं निघालेली. दोरवाल्याने तो हातात घेतला, मध्येच दाबला, नाकाशी धरला. त्याच्या बापाने वळलेला होता. टाकून द्या म्हणाला होता तो एवढ्यासाठी की नवा विकता यावा. त्याने तो खुंटाला बांधला आणि खाली सोडला. मग पालथा झोपून कड्यावरून डोकं काढलं.

खाली, बरंच खाली, जावई दोन्ही पाय कड्याला टेकून दोरावर रेललेला होता. असा रेललेला माणूस सगळा भार दोराला देतो आणि विसरतो. त्याच्याखाली कालचे फोडलेले दगड पसरलेले.

“जावईबापू! पहार सोडा. हा दोर कमरेला बांधा आणि पहिला सोडा.”

“मामा? तुम्ही इथे कुठे?” खालून हसरा आवाज आला. “हा जुनाट कशाला पाठवलात? तुमच्या लेकीला विधवा करायची आहे का?”

“बांधा म्हणतो ना.”

“काम अर्धं राहिलंय मामा. जेवणाच्या सुट्टीत बघू!” आणि पहार पुन्हा दगडावर वाजली. दोर कडेला घासला.

दोरवाल्याने मागे बघितलं. मुकादम उभा होता, दोन खाणकामगार येऊन थांबले होते, पाळकसाहेब गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होते. खरं सांगितलं तर खाली माणूस दचकणार, हिसका बसणार. नाही सांगितलं तर तो तसाच रेलून राहणार. आणि सांगायचं तर या सगळ्यांसमोर, ज्यांच्यापैकी एकेकाच्या घरी त्याचा दोर होता.

“जावईबापू,” तो ओरडला, आणि कड्याने ते परत त्याच्याच अंगावर फेकलं, “माझा दोर कुजका आहे! ओला वळला मी! आत्ता घंटेचा तुटला! हलू नका, पाय रोवा, आणि हा माझ्या बापाचा दोर बांधा!”

पहार थांबली. मग पहार खाली पडल्याचा आवाज आला, दगडावरून दगडावर, तळापर्यंत. राखाडी दोराला एक ओढ बसली. मग दुसरी.

“ओढा,” जावई म्हणाला. आवाजात आता हसू नव्हतं.

पाचही जणांनी ओढलं. पाळकसाहेबांचे तळवे सोलून निघाले. जावई वर आला, कडेवर पालथा पडून राहिला, आणि उठल्यावर सासऱ्याकडे न बघता म्हणाला, “मामा, या दोरावर मी किती वेळा उतरलो?” त्याला उत्तर नको होतं. तो बाजूला जाऊन बसला आणि कमरेचा दोर सोडायला लागला.

दोरवाल्याने दाभण काढलं आणि नव्या दोराचे पेड उचकटले. कडेला जिथे घासत होता तिथेच. आत काळा भुगा. एकच पेड अजून पिवळा होता.

“बरं झालं आलात,” मुकादम म्हणाला. मग भुगा बोटांनी चोळत, “आणि विकताना लोंबकळून दाखवलंत मला.”

त्या दिवशी गावात दोन हकिगती फिरल्या. एक, की सुंभरावाने धावत जाऊन जावयाचा जीव वाचवला. दुसरी, की सुंभरावाने कुजका दोर विकून जावयाला मरणाच्या दारात सोडला. न्हाव्याच्या दुकानात दोन्ही शेजारी शेजारी बसून दाढी करून गेल्या, आणि न्हाव्याला कुठलीच खोटी म्हणता येईना.

दोरवाला घरी आला तेव्हा बायकोपर्यंत सगळं पोहोचलेलं होतं. तिने पाण्याचा तांब्या दिला. रडारड केली नाही. पाळकसाहेब हाताला फडकं बांधून उंबऱ्यात बसले.

“दोन सापडले,” ती म्हणाली. “तिसरा?”

“कुठला तिसरा?”

“उरलेला तुकडा. तो माणूस नाही का आला होता? आपल्या गावचा नव्हता. स्वच्छ कपडे होते, पण गुंड्या चुकीच्या लावलेल्या. भाव केला नाही.”

दोरवाल्याने तांब्या खाली ठेवला.

“तुम्हाला विचारलं त्याने,” ती म्हणाली, “माणसाचं वजन धरेल का?”

“विहिरीत उतरायचं असेल.”

“असेल. तुम्ही कडीला बांधून लोंबकळलात. म्हणालात, एका माणसाचं काय, दोघांचं धरेल. तो नुसता बघत होता. जाताना मला नमस्कार करून गेला. दोर घेऊन जाणारं गिऱ्हाईक मला कधी नमस्कार करत नाही.”

शेडमध्ये आढ्याची कडी रिकामी लोंबत होती. तिघंही तिकडे बघत नव्हते.

“कुठल्या रस्त्याने गेला?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“मोठ्या. तिथून कुठेही जाता येतं.”

“मी पुढच्या गावांत विचारतो. आजच निघतो.”

“विचारा,” दोरवाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “पण तोपर्यंत प्रार्थना काय करू ते सांगा. तो विहिरीत उतरणार असेल तर दोर टिकू दे म्हणायचं. आणि दुसऱ्या कामाला नेला असेल, तर तुटू दे म्हणायचं. लवकर तुटू दे, जमिनीपासून फार उंच नसताना. दोर एक. एकाच दोरासाठी टिकू दे आणि तुटू दे. काल तुम्ही दोन मरणं जुळवलीत पाळकसाहेब, आता हे जुळवा.”

पाळकसाहेब हातावरच्या फडक्याची गाठ सोडत आणि बांधत राहिले. काल त्यांच्यापाशी तोडगा होता, पुस्तकांतून आलेला, जाणत्यांनी घासून गुळगुळीत केलेला. इथे त्यातला काही कामाचा नव्हता.

“मला जुळवता येत नाही,” ते म्हणाले. “दोन्ही मागा, काका.”

“देव कुठलं ऐकेल?”

“तो दोर कशाला नेला हे त्याला ठाऊक आहे. आपल्याला नाही.”

ते उठले आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेने गेले. बायकोने कोपऱ्यातला ताग ओढला, मुठीत दाबला, गालाला लावला, आणि मगच दोरवाल्यासमोर टाकला. त्यानेही दाबला. गालाला लावला. ही नवी रीत त्या दिवशी सुरू झाली. लोंबकळणं बंद झालं ते कायमचं.

“खाणीला दोर द्यावा लागेल,” ती म्हणाली. “घेतील का आपल्याकडून?”

“नाही घेतला तर नाही. वळायला तर हवा.”

“फिरवू का?”

“फिरव.”

चाक कुरकुरलं. दोरवाल्याने भारा कमरेला गुंडाळला, टोक आकड्यात अडकवलं आणि ताग सोडत मागे मागे सरकू लागला. ओठ हलत होते. टिकू दे. एक पाऊल मागे. तुटू दे. आणखी एक पाऊल मागे. शेडच्या उघड्या दारातून मोठा रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून कुणीतरी घाईने येत होतं. बायकोने ते बघितलं. चाक मात्र तिने थांबवलं नाही. त्याची पाठ तिकडे होती, आणि सूत अजून भिंतीपर्यंत पोहोचायचं होतं.